आत कोण हाय का?

उद्यमनगरात रात्री दोनला भट्ट्या निवतात,
वाळूचा वास निवत नाही.
उलट्या घमेल्यावर मी, मांडीवर लॅपटॉप,
समोर आमचं बोअरिंग मशीन,
त्याच्या पोटात लिनक्स,
लिनक्सच्या पोटात एक तक्ता.

तक्ता म्हणजे नुसत्या ओळी.
प्रोग्रामनं नाव नाही, नंबर सांगायचा:
वाचायचं तर शून्य, लिहायचं तर एक.
कर्नल त्या ओळीवरचा पत्ता बघतो
आणि तिकडे जातो. बास.
मधल्या काही ओळी रिकाम्या.
रिकाम्या म्हणजे तिथं कोणी नाही असं नव्हे,
सगळ्यांना मिळून एकच कारकून बसवलाय;
काहीही विचारा, तो म्हणतो, उणे अडतीस.
असलं काम इथं होत नाही.
(सातबाऱ्यासाठी खेटे घातलेल्यांना
जास्त सांगायला नको.)

मला त्यातली एक ओळ हवी होती.
स्पिंडलची थरथर मोजून
थेट वर आणून देणारी माझी स्वतःची हाक.
अख्खा कर्नल नव्यानं बांधायचा तर मशीन बंद,
आणि सातला कागलच्या गाडीत माल चढायचा.
म्हणून मॉड्यूल.
चालत्याला जोडायचं, चालत्यातून काढायचं.

रसूलचाचा शिकलगार बशीत चहा ओतत म्हणाले,
"चालू मशीनला हात घालतीस?"
"हात नाही चाचा, सांधा घालतो."
पुण्यात मी 'घालते' म्हणते.
इथं जीभ आपोआप वळते.

तक्ता कुठं आहे हे कर्नल हल्ली सांगत नाही,
हुडकावा लागला.
वर शिक्का: फक्त वाचण्यासाठी.
प्रोसेसरचा एक बिट मिटवला,
पापणी लवेपर्यंत कुलूप उघडं;
कारकुनाचा पत्ता खिशात घातला,
त्याच्या जागी माझा लिहिला,
कुलूप लावलं.

हाक मारली.
उणे अडतीस नाही.
सत्तावीस मायक्रॉन.
एवढ्या मोठ्या शेडमध्ये मी एकटीच हसलो.

पाचला वाटलं, जरा सुधारू.
मॉड्यूल काढलं. कारकुनाला त्याची जागा परत,
अक्षर न अक्षर, जिथल्या तिथं.
फक्त एक बघायचं राहिलं:
नोंदी ठेवणारा एक प्रोग्राम
माझ्याच फंक्शनच्या आत झोपला होता,
पुढच्या थरथरीची वाट बघत.
तो जागा झाला, पाय टाकला,
खाली फरशी नव्हती.

काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावली.
बिडात रुतलेलं टूल तसंच उभं.

चाचा रागावले नाहीत.
भट्टीच्या दाराशी खिळ्यांची एक फळी आहे,
खिळ्याला पितळी बिल्ले. तिकडं बोट केलं.
"आत जाणारा बिल्ला घेऊन जातो.
खिळा मोकळा दिसला तर शटर ओढायचं नाय.
आधी हाळी द्यायची, आत कोण हाय का?"
ही फळी कोणत्या सालापासून, मी विचारलं.
चाचा कप विसळायला गेले.

बिल्ले लावले मग मीही.
आत शिरताना अधिक एक, निघताना वजा एक.
तरी मेख राहतेच:
बिल्ला अडकवल्यावरही
दाराबाहेर पडायला दोन पावलं लागतात,
ती माझ्याच फरशीवरची.
चाचांना सांगितलं. म्हणाले,
"मग शून्य झाल्यावर बी थांब की जरा."
इतकं साधं.
मी तीन पुस्तकं चाळली असती.

उजाडलं. कागलची गाडी आली,
ड्रायव्हर संताजी हॉर्नवर हात ठेवून बसलाय.
मशीन फिरतंय. मॉड्यूल काढायचंय.
पडद्यावर मोजणी: एक.

कोण आहे, कशाची वाट बघतोय, ठाऊक नाही.
पुन्हा हॉर्न.
एक.
थांबलो.